जवाईबापूंचं मत

काही माणसांची आठवण आली की लोकांचे डोळे पाणावतात. जवाईबापूंची आठवण आली की मला त्यांची रश्श्याने माखलेली बोटं दिसतात. माणसाबद्दल लिहायचं तर मोठ्या मनाने लिहावं, असं आमच्या कॉलेजातल्या मराठीच्या बाई सांगतात. मी अर्थशास्त्र शिकवते. या एका माणसापुरतं माझं मन मोठं होत नाही आणि यापुढे होईल असंही वाटत नाही.

जवाईबापू म्हणजे माझ्या नणंदेचे, प्रतिभाताईंचे, यजमान. पत्रिकेवरचं नाव मनोहर, पण आमच्या घरात ते कुणी घेत नाही. सासू-सासरे, माझा नवरा सुधीर, शेजारपाजारचे, दूधवालासुद्धा त्यांना जवाईबापूच म्हणतो. ते उमरेडला खाणीच्या ऑफिसात नोकरीला होते. निवृत्त झाल्यापासून दर रविवारी ताईंना घेऊन आमच्याकडे वाडीला यायचे. अमरावती रोडवर ट्रकांची कितीही रांग लागलेली असो, जवाईबापूंची जेवणाची वेळ चुकत नसे. जिन्यात आधी त्यांचा आवाज यायचा आणि मग ते. चेहरा देखणा, केस अजून काळे, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, कुठल्या तरी कॉलेजचे प्राचार्य आलेत.

आमच्याकडे सून घरात येते ती कामाला आणि जवाई येतो तो मानाला. जवायाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही रीत. जवायाने दिवसाला रात्र म्हटलं तर सासऱ्याने दिवा लावायचा. ही रीत ज्याने पाडली त्याच्या डोळ्यापुढे एखादा लाजरा, कमी बोलणारा जवाई असावा. आमच्या जवाईबापूंना मत नाही असा विषय पृथ्वीवर नव्हता.

रविवारी मटण ठरलेलं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पातेल्यातल्या नळ्या वेचून वेचून जवायाच्या ताटात वाढायच्या. ते नळी तोंडाला लावून अशी चोखायचे की खालच्या भाडेकरूंना आमच्याकडे जेवणं सुरू झाल्याचं कळावं. चोखून झालेली हाडं ताटाच्या कडेने मांडायची आणि मग टीव्हीवर चाललेलं युद्ध ताटात आणायचं, हा त्यांचा नेम.

“आता हे पाहा बाबा, साधी गोष्ट आहे. हे इकडचे रणगाडे. ही नदी.” नदी म्हणजे रश्श्याचा ओघळ. “याहीनं इथून घुसाले पाहिजे होतं, तं हे तिकडून घुसले. काहून? तं यांच्या जनरलले अक्कल नाही. मी असतो तं हप्त्याभरात मामला खतम.”

टीव्हीवर कुठल्याशा दूरच्या देशात पडलेल्या इमारतीखालून एका बाईला ओढून काढत होते. तिचा हात तेवढा दिसत होता. इकडे जवाईबापू तर्जनीने नदी वळवत होते.

“आणि युद्ध पाहिजेच नं. लोकसंख्येचा निचरा होते. निसर्गाचा नियम आहे तो,” असं म्हणून त्यांनी बोट चाटलं आणि आईंकडे वाटी सरकवली. “जरासा रस्सा.”

त्या दिवशी मी ताट तसंच ठेवून उठले. कुणाच्या लक्षात आलं नाही. प्रतिभाताई मात्र मान खाली घालून भाताची शितं वेगळी करत बसल्या होत्या. त्यांचं हे नेहमीचंच होतं. नवरा बोलायला लागला की त्यांना ताटात काहीतरी काम सापडायचं.

मी अर्थशास्त्र शिकवते हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून अर्थशास्त्र ते खास माझ्यासाठी बोलायचे. “तुमचं पुस्तकातलं वेगळं. महागाई म्हणजे मनाचा खेळ आहे. लोकांनी महाग म्हणणं सोडलं, की महागाई संपली.” एकदा खाली भाजीची गाडी आली तेव्हा ते माझ्यामागून उतरले आणि त्या वांगीवालीला मागणी-पुरवठा समजावू लागले. उन्हात ती बिचारी पदराने घाम पुसत ऐकत होती. शेवटी म्हणाली, “असंच न्या बापू, पण जाऊ द्या मले.” जवाईबापूंनी खरोखर चार वांगी उचलली. वर आल्यावर सगळ्यांना सांगितलं, “पटलं तिले.” मी दुसऱ्या दिवशी तिचे पैसे द्यायला गेले, तर ती माझ्याकडेही बघेना.

विज्ञानातही त्यांची गती अशीच. फ्रिजमधलं पाणी मेलेलं असतं. कूलरच्या हवेने हाडं नरम होतात, आपले बापजादे काय कूलर घेऊन जन्मले होते? हे सांगायचं ते ऐन मे महिन्यात, कूलरच्या तोंडाशी खुर्ची ओढून. सगळी हवा त्यांच्या पाठीला आणि सगळं विज्ञान आमच्या वाट्याला.

माणसं तर ते नुसती बघून ओळखत. माणूस भाकर कशी मोडतो यावरून तो कर्ज बुडवणार की नाही ते सांगत. मला बघायला आले तेव्हा सोबत तेही होते. माझे हात पाहून परतीच्या वाटेवर म्हणाले होते, “बोटं लांब आहेत पोरीचे. घर तोडन हे.” लग्नानंतर सुधीरने ही गोष्ट मला हसत हसत सांगितली. मला हसू आलं नाही.

मग अशा माणसाचं घरात एवढं का चालावं? एक तर रीत. दुसरं म्हणजे बाबा. माझे सासरे चौथीपर्यंत शिकलेले. वाडीच्या ट्रक अड्ड्याजवळ त्यांचं टायर दुरुस्तीचं दुकान होतं. जन्मभर ट्रकवाल्यांच्या हाका आणि शिव्या ऐकल्या. हातोडा आणि पाना सोडून कशाबद्दल त्यांना कुणी काही सांगितलं नाही आणि मत विचारणं तर दूरच. आणि आता हा इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस समोर बसून “आता हे पाहा बाबा” म्हणून जगातल्या लढाया त्यांना समजावत होता. बाबांचा चेहरा अशा वेळी उजळायचा. जवाईबापू गेल्यावर म्हणायचे, “एवढा शिकलेला माणूस, पण आपल्यासोबत कसा बोलते पाहा.” या वाक्याचा मला राग यायचा, आणि राग काढायला जागा नसायची.

तिसरं कारण, जवाईबापू एकदा बरोबर ठरले होते. बाबांची कंबर धरली होती आणि डॉक्टर ऑपरेशन म्हणत होते. जवाईबापू म्हणाले, “काही गरज नाही, फळीवर झोपा.” बाबा फळीवर झोपले आणि कंबर सुटली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. पण त्या फांदीच्या जोरावर ते आमच्या घरचे डॉक्टर झाले.

बाबांना साखरेचा आजार निघाला तेव्हा जवाईबापूंनी डोळे मिटून ऐकून घेतलं आणि हसले. “आता हे पाहा, साधी गोष्ट आहे. साखर म्हणजे काय? शक्ती. रक्तात शक्ती जास्त झाली तं त्याले बीमारी म्हणून राहिले हे डाक्टर! औषध कंपन्यायचं अर्थशास्त्र आहे हे. कारल्याचा रस घ्या आन् मजेत राहा.” बाबा गोळ्या कधी घेत, कधी विसरत. विसरले तर आई म्हणायच्या, “राहू दे, जवाई म्हणतेत ते काही खोटं नाही.”

चैत्रात एका देवळात बाबांनी उन्हात अनवाणी प्रदक्षिणा घातल्या. फरशी तव्यासारखी तापलेली. बाकीचे लोक उड्या मारत सावली गाठत होते, बाबा मात्र सावकाश चालत होते. घरी आल्यावर त्यांच्या डाव्या तळव्याला अंगठ्याखाली मोठा फोड दिसला. फुटलेलासुद्धा होता. त्यांना पत्ता नव्हता.

मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. बाबा म्हणाले, “रविवारी जवाईबापूले दाखवू.”

जवाईबापूंनी पाय मांडीवर घेतला नाही. खुर्चीतूनच वाकून पाहिला आणि विचारलं, “दुखते का?”

“नाही जी. काहीच नाही.”

“झालं तं मग! दुखणं हाच बीमारीचा पुरावा. दुखत नाही म्हणजे बीमारी नाही. हळद आन् तूप लावा, मोकळं ठेवा.”

मी कोऱ्या कापडाची पट्टी करत तिथेच बसले होते. म्हटलं, “जवाईबापू, साखरेच्या माणसाला पायाचं कळत नाही म्हणतात. न दुखणं चांगलं नाही त्यात. उद्या मी घेऊन जाते बाबांना.”

जवाईबापू माझ्यावर रागावले नाहीत. ते कधी रागावत नसत, कीव करत. “वाचलं असंल कुठंतरी मोबाईलमध्ये,” ते सुधीरला म्हणाले. आई मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. “जवायाच्या तोंडावर बोलते काहून वं? उद्या तिकडे प्रतिभाले ऐकाव लागते.” बाबांनीही मला नंतर जवळ बोलावलं. “राहू दे सुनबाई. जवायाचं मन दुखवू नये. तेही माह्यासाठीच सांगून राहिले नं.” सुधीर नेहमीप्रमाणे दोन्हीकडे मान हलवत होता. दुसऱ्या दिवशी मी रिक्षा बोलावली तर बाबा जिन्याशी आलेच नाहीत. पुढेही दोनदा बोलावली. दोन्ही वेळा बाबा आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. ज्याचा पाय त्यालाच जायचं नसेल तर उचलून कसं न्यायचं?

उन्हाळा संपला. जखम भरली नाही. वरून सुकायची, आतून ओली राहायची. मग वास यायला लागला. तो वास मी कशासारखा म्हणून सांगू? ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. बाबा पावडर लावत, दोनदा आंघोळ करत, आणि पाहुणे आले की आपण होऊन गॅलरीत बसत. अड्ड्यावर रोज चालत जाऊन चहा प्यायची त्यांची सवय होती, तीही सुटली. दुकान विकल्यावर तेवढं एकच सुख त्यांना उरलं होतं. लोक नाकाला रुमाल लावतात म्हणून जात नाही, असं त्यांनी मला सांगितलं, आणि हे कुणाला सांगू नको असंही सांगितलं.

पावसाळ्यात घरभर माशा झाल्या. एका रविवारी मी पट्टी बदलायला बसले आणि पट्टी सुटताच जखम हलली. जखम कशी हलेल, असं क्षणभर वाटलं. पांढऱ्या अळ्या होत्या. मी ओरडले. सगळे धावत आले. जेवायला बसलेले जवाईबापूही दारापर्यंत आले, हातात नळी तशीच.

आणि या माणसाने दारात उभं राहून मत दिलं.

“घाबराचं काही काम नाही. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा अशाच साफ होत. सडलेलं तेवढं अळ्या खातेत, चांगल्याले हात लावत नाहीत. विज्ञान आहे हे. निसर्गाचं ऑपरेशन, तेही फुकट.”

बाबा माझ्याकडे बघत होते. आयुष्यभर काळ्या वंगणात हात घातलेला तो माणूस स्वतःच्या पायाकडे बघायला तयार नव्हता. त्यांना आपलीच किळस आली होती आणि त्यांच्या जवायाला जेवण थांबल्याचं वाईट वाटत होतं. मी काय बोलले ते नीट आठवत नाही. “हात धुवा आणि बाजूला व्हा” असं काहीतरी असावं, कारण आईंनी तोंडावर पदर घेतला. सुधीर रिक्षा आणायला पळाला, खालच्या भाडेकरूंच्या मुलाने आणि मी बाबांना खुर्चीसकट खाली उतरवलं. या वेळी बाबा नाही म्हणाले नाहीत.

डॉक्टरांनी पाय पाहिला, साखर पाहिली आणि कुणावर चिडावं हे न कळून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “दुखत नव्हतं म्हणून थांबलात? तेच तर आजाराचं लक्षण.” संसर्ग हाडात गेला होता आणि वर सरकत होता. पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, आणि आजच. नाहीतर माणूस हाती लागायचा नाही.

सुधीरने संमतीच्या कागदावर सही करायला पेन घेतलं, पुन्हा खिशात घातलं आणि मोबाईल काढला. तो काय करतोय हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला त्याचीही शिसारी आली. जवाईबापू तोवर ताईंना घेऊन उमरेडला परत गेले होते. घरात पाहुणचाराला कुणी उरलं नव्हतं. कॉरिडॉरमध्ये माणसांचा गलका होता म्हणून सुधीरने फोनचा आवाज मोठा केला.

“घाई करू नको सुधीर,” जवाईबापू शांतपणे म्हणाले. “पाय गेला की माणूस मनातून खचते. मानसशास्त्र आहे हे. डाक्टरले काय, त्याले बिल पाहिजे. एक-दोन दिवस थांब. मी येतो, पाहतो, मंग ठरवू.”

सुधीर खरोखर थांबला. पेन खिशातच. आत बाबा तापाने बरळत होते आणि बाहेर त्यांचा मुलगा जवायाच्या मताचा मान राखत होता. मी कागद ओढून घेणार तेवढ्यात पलीकडे काहीतरी खरखरलं आणि प्रतिभाताईंचा आवाज आला. तो आवाज मी ओळखलाच नाही. इतक्या वर्षांत त्यांना इतक्या मोठ्याने बोलताना मी ऐकलं नव्हतं.

“सुधीर, सही कर.”

“पण जवाईबापू म्हणतेत…”

“यायचं मत मी जन्मभर ऐकून राहिली. माह्या लेकीचं शिकणं गेलं त्याच्यात, माही नोकरी गेली. तेव्हा मी चूप राहिली. आता माह्या बापाले नको लावू त्याच्यात. सही कर न फोन ठेव.”

मागून जवाईबापू म्हणत होते, “अवं, पण साधी गोष्ट…” तेवढ्यात फोन बंद झाला. सुधीरने सही केली.

बाबांचा पाय गेला, बाबा राहिले. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर तेही जमलं नसतं.

जवाईबापू भेटायला आले, सफरचंदं घेऊन. मला वाटलं होतं, खाली मान घालून येतील. निदान गप्प तरी बसतील. ते पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले, चादरीखाली जिथे पाय असायला हवा होता तिथल्या सपाट जागेकडे पाहिलं आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला म्हणाले, “मी तं आधीच म्हटलं होतं, पायाच्या बाबतीत हलगर्जी नको.” मग माझ्याकडे वळून, “तू घरातली शिकलेली. तुह्यं लक्ष पाहिजे होतं.” ताई खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी वळून नवऱ्याकडे असं पाहिलं की मला त्यांची भीती वाटली. जवाईबापूंना वाटली नाही. त्यांनी चाकू मागितला आणि एक सफरचंद कापून अर्धं स्वतः खाल्लं.

मला खरी चीड आली ती बाबांची. ग्लानीतून जागे झाल्यावर त्यांनी सगळ्यांत आधी विचारलं, “जवाईबापू जेवले का?”

त्यानंतर रविवारचं मटण बंद झालं. तेवढं एक मी केलं, आणि आईंनी मटणाचं पातेलं माळ्यावर टाकलं. ताई एकट्या बसने यायच्या, बाबांचे केस विंचरायच्या, संध्याकाळच्या आत परत जायच्या. जवाईबापूंचं नाव आमच्यात निघत नसे. बाबा मात्र युद्धाच्या बातम्या लागल्या की टीव्हीचा आवाज वाढवायचे आणि थोड्या वेळाने स्वतःच कमी करायचे.

जवाईबापूंना मी शेवटचं पाहिलं ते दिवाळीनंतर, पायाच्या जखमांच्या डॉक्टरांकडे. बाबांची ऑपरेशनची जखम भरत आली होती आणि कृत्रिम पायाचं माप कधी घ्यायचं ते विचारायला मी त्यांना घेऊन गेले होते. बाहेरचा बाक भरलेला होता. कसंबसं बाबांना कडेला बसवलं, त्यांचा वॉकर समोर धरला आणि मी उभी राहिले.

आतल्या खोलीतून जवाईबापू बाहेर आले. मागे ताई. इस्त्रीचा पांढरा शर्ट, उजव्या पायात नवी मऊ चप्पल आणि करंगळीला इवलीशी पट्टी. नर्स त्यांना सांगत होती, अजून एकदा आत बोलावतील, तोवर बसा. बुटाने घासून कालच फोड आला होता, एवढंच. ताईंनी मला ते हळूच सांगितलं आणि खाली मान घातली. पहाटे पाच वाजता उठून जवाईबापूंनी उमरेडहून गाडी करायला लावली होती. ते स्वतः साखरेच्या आजाराच्या गोळ्या किती वर्षांपासून घेतात, तेही ताईंनी सांगितलं. आमच्याकडे कारल्याचा रस सांगत होते, तेव्हाही ते गोळ्या घेतच होते.

रागाच्याही पलीकडे काहीतरी असतं. तोंडात कडू पाणी सुटतं, एवढंच कळतं.

जवाईबापू बसायला जागा शोधत इकडेतिकडे पाहत होते. बाकावरचं कुणी हललं नाही. तेवढ्यात बाबांना ते दिसले. बाबांचा चेहरा उजळला. मी त्यांच्या खांद्यावर हात दाबला. “बाबा, बसून राहा,” म्हटलं. ताईही पुढे झाल्या, “बाबा, नका उठू नं जी.” बाबांनी माझा हात बाजूला केला, वॉकर पकडला, दात आवळून अंग वर ओढलं आणि एका पायावर डुलत उभे राहिले.

“बसा नं, जवाईबापू,” ते म्हणाले.

जवाईबापूंनी बाक हाताने झटकला आणि बसले. पट्टीचा पाय लांब केला.

“बसतोच,” ते म्हणाले. “उभं राहिलं की पायावर ताण येते.”